शिळीचा शिक्का

ग्रुपवर त्याला सगळे 'भिंग' म्हणत. धंदा चष्म्याच्या काचा घासण्याचा आणि सवय दुसऱ्याच्या बातमीत खोट काढण्याची, तेव्हा हे नाव का पडलं हे कुणाला विचारायची गरज नव्हती. दुकानात पुढच्या बाजूला काचेची कपाटं, आरसे आणि गिऱ्हाइकांपुढे हसून हसून गाल दुखलेला मालक. मागे पडद्याआड एवढीशी खोली, की दोघं आत असतील तर तिसऱ्याने बाहेर जाऊन श्वास घ्यावा. त्या खोलीत भिंग एकवीस वर्षं बसत आला होता. काच यंत्रावर चढवायची, चाकावर पाण्याची धार सोडायची, कड घासायची, फ्रेमच्या खाचेत बसते का बघायची, नाही बसली तर पुन्हा घासायची. केसभर जास्त घासली गेली की काच फुकट. अशा कामाने कुणीही काटेकोर होईल, आणि हा तर जन्माला आला तोच कपाळावर आठ्या घेऊन.

यंत्राशेजारी, पाणी उडणार नाही अशा बेताने, फोन उभा केलेला असे. फोनवर 'पूर्ण वाचलं का?' हा ग्रुप. केमिस्टकाकांनी तो काढला तेव्हा त्यांचं औषधांचं दुकान चालू होतं. आता दुकान गेलं होतं, ग्रुप राहिला होता. साडेतीनशे माणसं, त्यातली बहुतेक एकमेकांना कधी भेटलेली नाहीत. पण रोज सकाळी विज्ञान, तब्येत आणि फोन-कॉम्प्युटरच्या बातम्यांवर घरच्यासारखी भांडायची. पाच मिनिटांत भरणारी बॅटरी दर तीन महिन्यांनी शोधली जायची आणि दुकानात काही यायची नाही. कॉफी हृदयाला चांगली की वाईट, या विषयावर दोन गट होते आणि ते एकमेकांना वाढदिवसाच्या शुभेच्छासुद्धा देत नसत. तब्येतीची बातमी टाकायची तर पहिला शब्द 'उंदीर' किंवा 'माणूस' लिहायचा, म्हणजे प्रयोग कुणावर झाला ते आधीच कळावं, असा काकांचा नियम होता.

दुसरा नियम शिळीचा. जुनी बातमी कुणी नवी म्हणून टाकली, की तिच्याखाली लाल गोलात 'शिळी' असा शिक्का पडायचा. शिक्का मारायचा हक्क एकट्याचा. त्या माणसाला 'चाळणी' म्हणत, आणि नऊ वर्षं चाळणी होता भिंग. शिक्का पडला की ती बातमी कुणी उघडत नसे, आणि टाकणाऱ्याने तीन दिवस मौन पाळायचं. अपील नाही. डॉक्टर असो की प्राध्यापक, भिंगाचा शिक्का पडला की तीन दिवस तोंड बंद! एका खऱ्याखुऱ्या शास्त्रज्ञ बाईंना त्याने एकदा गप्प बसवलं होतं, आणि त्या आठवड्यात तो घरात नुसता शीळ घालत फिरत होता.

हसू नका. दुकानात तो पडद्यामागचा माणूस. घरात बायको वाचनालयात कामाला, वाचनाच्या गोष्टीत तिच्यापुढे त्याची डाळ शिजत नसे. त्याला विचारल्याशिवाय पान हलत नाही अशी जगात एकच जागा होती, ती हाताच्या तळव्याएवढी होती आणि तिला चार्जिंग लागायचं. आता काकांची नजर अधू झाली होती. येत्या रविवारी ते ग्रुप दुसऱ्याच्या हवाली करणार होते. चाळणी ज्याच्याकडे, ग्रुप त्याच्याकडे, असं सगळे नऊ वर्षं धरून चालले होते. भिंग तर फारच धरून चालला होता.

आणि मग आला साडू.

आला म्हणजे काय, यानेच आणला! बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा, लिफ्ट दुरुस्त करणारा. दिवसभर कुणाच्या ना कुणाच्या इमारतीच्या खड्ड्यात उतरलेला, नखांत ग्रीस, खिशात टेस्टर, आणि चेहऱ्यावर असं हसू की अडकलेल्या लिफ्टमधली माणसंसुद्धा बाहेर आल्यावर याचे आभार मानून जात. एकदा जेवताना म्हणाला, "दादा, तुमच्या त्या ग्रुपात मलाही घ्या की. काही कळत नाही आपल्याला, पण वाचायला आवडतं." काही कळत नाही म्हणणारा माणूस बरोबर ठेवायला भिंगाला आवडायचंच. त्याने मोठ्या मनाने घेतला. स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेताना माणसाचा चेहरा किती उदार दिसतो, ते त्या दिवशी बघायला हवं होतं.

पहिला महिनाभर साडू गप्प होता. मग एक दिवस हृदयाच्या ठोक्यांवर एक बातमी आली, कुणाला धड उमगेना, आणि साडूने लिहिलं, "लिफ्टचं बघा. प्रत्येक मजल्यावरून बटण दाबलं जातं, पण आधी कुठे जायचं ते एकच पेटी ठरवते. हृदयातही अशी एक पेटी आहे. ती गोंधळली की लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये थरथरत राहते. बातमी त्या थरथरीची आहे." एकाहत्तर अंगठे. भिंगाच्या आजवरच्या सगळ्यात गाजलेल्या शिक्क्याला चोवीस होते. त्याने दोनदा मोजले, कारण पहिल्यांदा मोजताना एकाहत्तर आले होते.

तेव्हापासून भिंगाचं पोट दुखायला लागलं. सरळच सांगतो, हेवा वाटत होता, आणि त्याला तो हेवा आहे हे माहीतही होतं. त्याला कळत होतं तेवढं साडूला कळत नव्हतं, पण साडूला जेवढं कळायचं तेवढं साडेतीनशे माणसांना कळायचं. सॉफ्टवेअरमधली चूक कशी लपून बसते, झोपेत मेंदू काय आवरतो, सगळं त्या खड्ड्यातून वर येई आणि लोक वाहवा करत. एका रुग्णालयात काम करणारी सिस्टरताई, नऊ वर्षांत भिंगाशी 'ठीक' याच्यापलीकडे बोलली नव्हती, ती लिहू लागली, "आज लिफ्टवाले दादा कुठे आहेत? बातमी समजली नाही." भिंग काच घासता घासता हे वाचायचा आणि चाकावर काच जरा जास्तच दाबायचा. त्या महिन्यात तीन काचा वाया गेल्या. मालकाने विचारलं, "डोळे तपासून घ्यायचे का तुझे?"

घरीही तेच. सासूबाई त्यांच्याकडेच राहायच्या. साखरेचा आजार, दिवसातून चारदा इंजेक्शन, दंडावर रुपयाएवढी चकती चिकटवलेली. ती चकती साखर मोजायची आणि आकडा त्यांच्या फोनवर दाखवायची. साखर फार उतरली की फोन बोंब ठोकायचा. ती चकती भिंगानेच शोधून काढली होती, फोनवर त्यानेच जोडून दिली होती. पण सासूबाई आल्यागेल्याला सांगायच्या काय? "आमच्या धाकट्या जावईबापूंनी मला नीट समजावलं हो, ही चकती म्हणजे खड्ड्यात उतरलेला माणूस, वर खबर देतो." भिंग शेजारी बसून पाणी प्यायचा. बराच वेळ प्यायचा.

त्या मंगळवारी सकाळी सव्वादहाला साडूची बातमी आली. "माणूस," नियमाप्रमाणे पहिला शब्द. "दंडावरच्या साखरेच्या चकतीचा भोंगा काही फोनांवर वाजत नाहीये. फोनचं सॉफ्टवेअर बदललं की आवाजाची परवानगी आपोआप बंद होते. ज्यांच्या घरी असेल त्यांनी आजच बघा." खाली लिंक.

भिंगाच्या यंत्रावर तेव्हा एका शाळेच्या बाईंची काच होती, आडव्या नंबरची, नाजूक. त्याने हात पुसला आणि लिंककडे पाहिलं. पाहिलं म्हणजे नुसतं पाहिलं, उघडली नाही. पत्त्यात तीन वर्षांपूर्वीचं साल स्वच्छ लिहिलेलं होतं. मथळाही ओळखीचा; तीन वर्षांपूर्वी अगदी हीच तक्रार आली होती आणि ती याच ग्रुपवर त्यानेच टाकली होती! अंगातून गोड शिरशिरी गेली. एरवी तो दहा-दहा मिनिटं चाळायचा, तारीख, मूळ जागा, दुसरीकडे कोण काय म्हणतंय, सगळं. आज त्याला दहा मिनिटं थांबवेना. लाल गोल पडला.

"अरे बापरे," कुणीतरी लिहिलं, "लिफ्ट बंद!" सदोतीस जण हसले. साडूने नियमाप्रमाणे दोन्ही हात जोडल्याचं चित्र टाकलं आणि मौनात गेला. भिंगाने शाळेच्या बाईंची काच अशी बसवली, की फ्रेमने तिला स्वतःहून खाचेत ओढून घ्यावं.

संध्याकाळी बायको म्हणाली, "अहो, धाकट्या भाऊजींचा फोन आला होता मला. आईच्या फोनच्या भोंग्याचं काहीतरी म्हणत होते. बघता का जरा?"

"शिळी बातमी आहे ती. शिक्का मारलाय मी."

"हो, तेही तेच म्हणाले. दादांनी पाहिलंय म्हणजे प्रश्नच नाही, म्हणाले. मी आपलं विचारलं."

भिंगाला हे ऐकून फार बरं वाटलं. त्याने जेवताना सासूबाईंना आग्रह करून वाढलं.

रोज दुपारी एक ते तीन दुकान बंद असे, आणि तो जेवायला घरी जाई. बुधवारी मात्र तो दीडपर्यंत मागच्या खोलीतच बसून राहिला. कारण सांगायला लाज वाटावी असं आहे. ग्रुपवर कुणीतरी रविवारचा विषय काढला होता, आणि दोघातिघांनी लिहिलं होतं, "शेवटी भिंग ते भिंग." ते वाचत बसला होता.

घराचं दार उघडलं तेव्हा स्वयंपाकघरात नळ वाहत होता. सासूबाई जेवणाच्या टेबलाशी बसल्या होत्या, अंगावर नेहमीची फुलांची साडी, आणि ती पाठीला चिकटलेली, इतका घाम. समोर ताट होतं, वाढलेलं, तसंच. इंजेक्शन घेऊन झालं होतं, जेवायचं राहून गेलं होतं. चमचा हातात धरून त्या टेबलावर गोल गोल फिरवत होत्या, जणू काहीतरी ढवळतायत. फोन ताटाशेजारीच पडला होता. पडद्यावर लाल रंगात एक्कावन्न, शेजारी खाली जाणारा बाण. आणि आवाज? टाचणी पडल्याइतकाही नाही.

भिंगाचे हात थांबले नाहीत, ते एक बरं. साखरेचा डबा, पेला, पाणी, चार चमचे, ढवळलं, एक हात मानेमागे, पेला ओठांशी. "आई, प्या. थोडं थोडं. गिळा. हं, अजून."

सासूबाई प्यायल्या. निम्मं अंगावर, निम्मं पोटात. मग डोळे वर करून त्याच्याकडे पाहिलं आणि मोठ्या आनंदाने म्हणाल्या, "आलात का धाकटे जावईबापू! मला ठाऊकच होतं तुम्ही येणार."

आता सांगतो ते खरं आहे. म्हातारी जगते की काय होतं अशी वेळ, आणि तरी, त्या क्षणीसुद्धा, त्याला राग आला. साडूचा. त्याने मनातच स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली आणि म्हणाला, "हो, मीच आलोय. प्या."

पंधरा मिनिटांनी आकडा चौऱ्याऐंशी झाला. सासूबाईंनी साडी नीट केली, ताटाकडे पाहिलं, म्हणाल्या, "इश्श, हे कुणी सांडलं सगळं?" आणि जेवायला लागल्या. डॉक्टरांना फोन झाला, बायको वाचनालयातून धावत आली. आल्या आल्या त्याच्या दंडाला धरून रडली. "तुम्ही होतात म्हणून, अहो. तुम्ही नसतात तर."

तो न्हाणीघरात गेला, दार लावून घेतलं, आणि लिंक उघडली. पूर्ण वाचली. पान तीन वर्षांपूर्वीचंच होतं, पत्ताही तोच. पण त्याच जुन्या पानावर, वरच्या अंगाला, नव्याने चार ओळी घातलेल्या होत्या, परवाच्या तारखेच्या. तक्रार पुन्हा सुरू झाली आहे, या या फोनांवर, हे हे करा. साडूने त्या ओळी वाचल्या होत्या. सोप्या करून लिहिल्या होत्या. भिंगाने साल पाहिलं होतं.

संध्याकाळी साडू-मेहुणी आली. मेहुणी आईला बिलगून बसली. साडूने सासूबाईंचा फोन हातात घेतला, दोन ठिकाणी बोट लावलं, आणि भोंगा एकदा करवादून वाजला तशा सासूबाई दचकल्या. "वाजतोय आता," एवढंच म्हणाला. मग गॅलरीत येऊन भिंगाशेजारी उभा राहिला. त्याच्या शर्टाला ग्रीसचा वास येत होता. खाली रस्त्यावर कुणीतरी स्कूटरला लाथा मारून ती चालू करायला बघत होतं.

"दादा, तुम्ही वेळेवर पोचलात."

"पोचलो."

"आपण दोघांनीही कालच बघायला हवं होतं. मीपण फोन करून सोडून दिलं, येऊन जायला हवं होतं मी."

आपण दोघांनी! भिंगाला वाटलं, याने ओरडावं. कॉलर धरावी, बायकोसमोर सगळं काढावं, म्हणजे निदान भांडता तरी येईल. पण नाही. तो आपला अर्धा दोष उचलून घेऊन उभा, आणि तोही असा की जणू जड काही नाहीच. याच्या चांगुलपणाने भिंगाच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

"चहा घेणार?" त्याने विचारलं.

"घेऊ की."

गुरुवारी सकाळी तो दुकानात गेला तेव्हा शिक्का अजून तिथेच होता. त्या पोस्टच्या खाली त्यानंतर दीडशे मेसेज वाहून गेले होते. नव्या कानातल्या हेडफोनांवर भांडण रंगलं होतं. शिक्का तसाच राहू दिला असता तर रविवारपर्यंत कुणाला पत्ता लागला नसता. साडू मौनात. घरी तो मुलखाचा शूर ठरलेला. कालपासून दोन शेजारणी त्याला बघायला येऊन गेल्या होत्या. पण ग्रुपवर आणखी माणसं होती ज्यांच्या घरी ती चकती होती, आणि त्यांनी त्याच्या लाल गोलावर विश्वास ठेवून फोन बघितला नव्हता. हे त्याला रात्रभर टोचत होतं, असं म्हटलं तर बरं दिसेल. खरं म्हणजे रात्रभर त्याला रविवार टोचत होता. हे सकाळी टोचलं.

त्याने यंत्र बंद केलं आणि लिहायला घेतलं. तीनदा पुसलं. पहिल्यांदा "गैरसमजातून" असं लिहिलं होतं, दुसऱ्यांदा "घाईत". तिसऱ्यांदा नुसतंच "चूक झाली". शेवटी जे पाठवलं ते असं होतं:

"मंगळवारचा शिक्का खोटा आहे. बातमी ताजी आहे, घरी चकती असेल तर हातातलं काम टाकून आधी फोन बघा. मी लिंक उघडली नव्हती, फक्त पत्त्यातलं साल पाहिलं. उघडली नाही कारण बातमी माझ्या साडूची होती आणि मला त्याचा हेवा वाटतो. काल माझ्या सासूबाईंची साखर एक्कावन्नवर गेली आणि फोन गप्प होता. लिफ्टवाल्यांचं मौन रद्द."

मग फोन पालथा घातला आणि एक काच चढवली. पाणी, चाक, कड. फोन टेबलावर गुरगुरत राहिला. त्याने काच पूर्ण होईपर्यंत पाहिलं नाही. पाहिलं तेव्हा सर्वात वर सिस्टरताई होती. "वडिलांचा फोन आता पाहिला. बंदच होता आवाज. दोन दिवस बंद होता." पुढे काही नाही, रागाचं चित्रही नाही. भिंगाला ते रागाच्या चित्रापेक्षा लागलं. त्याखाली बाकीचे, कुणी शाबासकी देत होतं, कुणी धुऊन काढत होतं. कॉफीवाल्या दोन्ही गटांचं प्रथमच एकमत झालं होतं, की भिंगाने फार वाईट केलं.

बाराच्या सुमारास केमिस्टकाकांचा फोन आला. काका फोनवर नेहमी ओरडून बोलायचे.

"वाचलं रे तुझं! मोठ्या अक्षरात करून वाचलं, पूर्ण."

"हो काका. रविवारी तुम्ही काय ते ठरवा. मी समजून गेलोय."

"काय समजलास? ग्रुप तुझ्याकडेच देतोय. चाळणीसकट."

भिंगाच्या छातीत काहीतरी वर उडालं. नऊ वर्षं! म्हणजे खरं बोलल्याचं चीज झालं. त्याच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"काका, मी एवढं कबूल केलं, तरी तुम्ही..."

"कबुलीचं नंतर रे. हे काल रात्री जेवायच्या आधीच ठरलं. तुझ्या साडूचा फोन आला होता. म्हणाला, लोक माझं नाव सुचवतायत, पण मला नको. दादांची नऊ वर्षं आहेत, त्यांनाच द्या. शिक्क्याचं चकार शब्दाने बोलला नाही. मी आपलं बरं म्हटलं. आज तुझं वाचलं तेव्हा कळलं काय प्रकार होता तो."

पडद्यापलीकडे मालक कुणाला तरी सांगत होता, ही फ्रेम तुम्हाला शोभून दिसते. भिंग स्टुलावर बसला. म्हणजे आज सकाळचं ते सगळं लिहिलं नसतं तरी ग्रुप त्याचाच होता. आणि लिहिलं, तरी त्याचाच होता. आणि दोन्ही वेळेला देणारा तोच, टेस्टर खिशात घालून फिरणारा. ज्या एका गोष्टीसाठी त्याने एवढं केलं, ती साडूने जेवणाआधी एका फोनवर उचलून देऊन टाकली होती.

"अरे, आहेस ना?" काका ओरडले.

"आहे." त्याने कपाळावरचं पाणी पुसलं, यंत्राचं उडालेलं होतं. "काका, त्याला द्या. साडूला. चाळणी, ग्रुप, सगळं. त्याने नाही म्हटलं तरी द्या."

"मनापासून म्हणतोस?"

भिंगाने खराखुरा विचार केला. मनात शोधून पाहिलं, कुठे काही सापडतं का.

"नाही काका," तो म्हणाला. "पण द्या."